मंगोलियातील सोळा दिवस : घोडा, सायकल, कयाक आणि पशुपालकांचे घड्याळ

माळरान

मंगोलियातील खांगाइ पर्वतात आणि ओरखोन नदीच्या खोऱ्यात आम्ही सहा जणांनी ऑगस्ट महिन्यातील सोळा दिवस घालवले. दिवसवार प्रवासवर्णन लिहिण्याचा माझा विचार नाही. असा प्रवास आखताना आमचे कुठे चुकले आणि कुठे न आखताही साधले, एवढे सांगावे आणि तिकडे जाऊन आलेल्यांनी त्यात भर घालावी, यासाठी हा धागा काढत आहे.

ज्या कंपनीमार्फत आम्ही गेलो (तिचे नाव मुद्दामच देत नाही), तिच्या पत्रकात चार प्रकार होते : पाच दिवस घोड्यावरून, तीन दिवस सायकलने, दोन दिवस कयाकमधून आणि उरलेल्या दिवसांत पायी डोंगरभटकंती. मार्ग असा होता की उलानबातरहून निघून सुमारे शंभर किलोमीटरवरचे खुस्ताइ राष्ट्रीय उद्यान पाहायचे, मग खारखोरिन, ओरखोनचा धबधबा आणि नाइमन नूर ही आठ सरोवरे करायची, आणि तिथून त्सेत्सेर्लेगमार्गे खोर्गो ज्वालामुखी व त्याच्या शेजारचे तेर्खीन त्सागान नूर हे सरोवर पाहून परतायचे. कागदावर हे सारे नेटके दिसते. पण हा देश सुमारे १५.६ लाख चौरस किलोमीटरांचा आहे आणि त्याची लोकसंख्या जेमतेम पस्तीस लाख आहे, त्यातलीही जवळपास निम्मी राजधानीत एकवटलेली. डांबरी रस्ता सोडल्यावर गाडीच्या चाकोऱ्या गवतात दहा दिशांना फुटतात आणि त्यांतली कोणती धरायची, हे आदल्या आठवड्यात किती पाऊस पडला यावर ठरते. पत्रकातील ‘चार तासांचा प्रवास’ आम्हाला दोनदा नऊ तासांचा पडला.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. घोड्यावरच्या तिसऱ्या दिवशी पहाटे उठून पाहिले, तर घोडे नव्हते. रात्री त्यांना चरायला सोडताना पुढचे दोन्ही आणि मागचा एक पाय चामडी पायबंदाने अडकवतात. तरीही टुणटुण उड्या मारत ते डोंगराच्या पलीकडे गेले होते. आमचे घोडेवाले यजमान मुळीच विचलित झाले नाहीत. त्यांनी दुर्बिणीतून समोरचा डोंगरउतार न्याहाळला, खारा चहा संपवला आणि गेरजवळ (गेर म्हणजे पशुपालकांचा गोल तंबू) बांधून ठेवलेल्या एकमेव घोड्यावर मांड टाकून ते निघून गेले. आमच्या दुभाष्याचे लक्ष मात्र सारखे घड्याळाकडे होते, कारण त्या दिवशी २८ किलोमीटर अंतर कापायचे आणि संध्याकाळी सरोवराकाठी पोहोचायचे, असे ठरले होते. यजमान परतले ते दुपारी साडेबाराला, सगळे घोडे पुढे घालून.

त्या सक्तीच्या सुट्टीत आम्ही त्यांच्या नातेवाइकांच्या गेरबाहेर बसून घोड्यांची धार काढताना पाहिली. दोन खुंटांमध्ये जमिनीलगत एक लांब दोरी ताणलेली असते, तिला ते ‘झेल’ म्हणतात. आपल्या भाषेत दावणच. तिला शिंगरे बांधलेली असतात आणि त्यांच्या आया आसपासच चरत राहतात, कारण शिंगरू सोडून घोडी दूर जात नाही. धार काढायची वेळ झाली की एक मुलगा शिंगराला आईपाशी नेतो, त्याला दोन घोट पिऊ देतो, आणि घोडी पान्हावली की लगेच त्याला बाजूला ओढून तिच्या मानेशी उभे करतो. मग घरातील बाई एक गुडघा टेकून, एक हात घोडीच्या मागच्या पायामागून घालून, मांडीवर टेकवलेल्या बादलीत धार काढते. एका वेळी दूध फार थोडे निघते, म्हणून दर दोन तासांनी, दिवसातून पाच-सहा वेळा हे करावे लागते. ते दूध गेरच्या दाराजवळ टांगलेल्या कातडी पिशवीत जाते आणि आंबून त्याचे आइराग होते. ये-जा करणाऱ्या प्रत्येकाने त्या पिशवीतल्या लाकडी दांड्याने चार-दोन वेळा घुसळायचे, अशी रीत आहे. आम्ही सहा जणांनी त्या सकाळी बरेच घुसळले असावे, कारण आजीबाई हसून काहीतरी म्हणाल्या आणि त्याचा अनुवाद करायला दुभाष्याने नकार दिला.

सरोवराकाठी आम्ही एक दिवस उशिरा पोहोचलो. तो दिवस भरून काढण्यासाठी कंपनीने सायकलचे तीन दिवस दोनांवर आणले, आणि खरे सांगायचे तर त्याचे कोणालाच वाईट वाटले नाही. तिकडच्या कच्च्या वाटा गाड्यांच्या दणक्यांनी पन्हाळी पत्र्यासारख्या झालेल्या असतात. त्यात समोरून वारा आला की तासाला आठ-नऊ किलोमीटरही जड जातात, आणि नजर सतत पुढच्या चाकावर असल्यामुळे ज्यासाठी इतक्या दूर आलो ते दिसतच नाही. कयाकची तक्रार मात्र मला नोंदवायचीच आहे. वर्षातील बहुतेक पाऊस जून ते ऑगस्टमध्ये पडतो, हे कंपनीला ठाऊक असणारच. तरी ऑगस्टमध्ये ओरखोनवर दोन दिवस कयाक असे छापले होते. आम्ही पोहोचलो तेव्हा नदी गढूळ आणि फुगलेली होती. त्याऐवजी तेर्खीन त्सागान नूरवर दोन तास वल्ही मारायला मिळाली आणि पैशातला फरक परत करण्याचा विषय आजही पत्रव्यवहारातच आहे.

पुन्हा जायचे झाले तर मी घोडा आणि पायी चालणे, एवढेच ठेवीन आणि एका कुटुंबाकडे सलग किमान तीन रात्री राहीन. बाकीचे प्रकार जगात इतरत्रही करता येतात.

---

दुडकी

माळरान, आपण तपशीलवार लिहिल्याबद्दल आभार. मी यापूर्वी घोड्यावर एकूण दोन वेळा बसले आहे आणि दोन्ही वेळा कोणीतरी लगाम धरून पुढे चालत होते. अशा माणसाने सलग पाच दिवस घोड्यावरून जाण्याचा विचार करावा का? आणि मंगोल घोडे अर्धवट रानटी असतात, असे ऐकते, त्यात कितपत तथ्य आहे?

---

माळरान

आमच्यातील दोघे तर त्याआधी घोड्यावर कधीच बसले नव्हते आणि दोघेही पाचही दिवस आनंदाने आले. हे घोडे ठेंगणे असतात, खांद्यापाशी साधारण १३० सेंटीमीटर, त्यामुळे उंचीची भीती लवकर जाते. ते बारमाही उघड्यावर राहतात, हिवाळ्यात बर्फ खुराने उकरून खालचे गवत खातात आणि माणसाच्या लाडांची त्यांना सवय नसते. नाकावरून हात फिरवायला गेलात तर मान झटकतील. बहुतेकांना नावेही नसतात. घोडा ओळखायचा तो त्याच्या रंगावरून, आणि रंगांसाठी त्या भाषेत शेकडो शब्द आहेत. रानटी म्हणायचे ते ‘ताखि’, जे आम्ही खुस्ताइला पाहिले. मुक्त रानातून ते १९६०च्या दशकाअखेरीस नाहीसे झाले होते आणि १९९२पासून परदेशी प्राणिसंग्रहालयांतल्या वंशजांना आणून तिथे पुन्हा वसवले गेले. पाळीव घोड्याच्या पेशीत ६४ गुणसूत्रे असतात आणि ताखिच्या पेशीत ६६, तेव्हा हा आपल्या घोड्यांचा बिथरलेला भाऊबंद नव्हे.

घोड्यावर नेहमी डाव्या बाजूनेच चढायचे. ‘चू’ म्हटले की तो चालू लागतो. सर्वांत जास्त त्रास दुडक्या चालीचा होतो, कारण मंगोल स्वार ती चाल रिकिबीत उभे राहून काढतात आणि आपण मात्र खोगिरावर आपटत राहतो. पहिल्या संध्याकाळी मला बसताही येत नव्हते. पाहुण्यांना बहुधा चामडी गादीचे खोगीर देतात; पारंपरिक लाकडी खोगीर हौसेने मागून घेऊ नये. आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे : घोड्यावर बसल्या बसल्या रेनकोट काढू किंवा घालू नका. त्या कापडाच्या फडफडाटाने आमच्यातील एकाचा घोडा असा काही चौखूर उधळला की यजमानांनी त्याला अर्ध्या किलोमीटरवर जाऊन गाठले. स्वार पडला नाही, हे नशीब. शिरस्त्राण मात्र स्वतःचेच न्यावे.

---

साय_साखर

मी शाकाहारी आहे आणि या मुलुखाविषयी वाचताना प्रत्येक ठिकाणी मेंढीचे मांस हाच शब्द आढळतो. तापवलेले गोटे दुधाच्या कॅनमध्ये घालून त्यावर मांस शिजवण्याचा खोरखोग हा प्रकार तर सर्वांनीच वर्णिलेला आहे. सोळा दिवस माझ्यासारख्याने काय खावे?

---

उत्तरवारा

याचे उत्तर मी देतो, कारण मी शाकाहारी असून दोनदा जाऊन आलो आहे. उन्हाळ्यात जनावरे दुभती असतात, त्यामुळे तो काळ ‘पांढऱ्या अन्नाचा’ मानला जातो आणि शाकाहारी माणसाला तोच सोयीचा आहे. ताराग म्हणजे दही. ऊरूम म्हणजे मंद आचेवर धरलेली जाड साय, आणि ती याकच्या दुधाची असेल तर तिच्यासाठी मी पुन्हा तेवढा प्रवास करीन. आरूल म्हणजे चक्क्याच्या वड्या गेरच्या छपरावर उन्हात वाळवून केलेला प्रकार; तो चावायचा नसतो, गालात धरून तासभर चघळायचा असतो, अन्यथा दाताशी गाठ आहे. सूतेइ त्साइ हा दूध-मिठाचा चहा दिवसभर मिळतो. त्याकडे चहा म्हणून पाहू नये, पातळ सूप समजून प्यावे, म्हणजे जिभेची तक्रार राहत नाही.

अडचण दुपार-संध्याकाळच्या जेवणाची येते, कारण शेवयांच्या कोणत्याही पदार्थात मांसाचे तुकडे असतात आणि ‘मांस नको’ म्हटले की ते तुकडे बाजूला काढून वाढण्याचा प्रामाणिक प्रयत्न होतो. म्हणून डाळ, तांदूळ, मसाला असा कोरडा शिधा राजधानीतून घेऊन जावा आणि स्वयंपाक्याशी पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलावे. आइरागमध्ये साधारण दोन टक्के अल्कोहोल असते, हे ज्यांना टाळायचे आहे त्यांनी लक्षात ठेवावे. आणि ज्यांना टाळायचे नाही त्यांनीही पहिल्या दिवशी एका वाडग्यावर थांबावे. का, ते रात्री पोटच सांगेल.

---

चाकोरी

माझा अनुभव माळरान यांच्यापेक्षा वेगळा आहे, म्हणून लिहितो. आम्ही सायकलनेच गेलो होतो, दहा दिवस, फक्त सायकल, आणि मला तो प्रवास कमालीचा आवडला. माझ्या मते दोष सायकलचा नसून खिचडीचा आहे. एका प्रकाराची शरीराला सवय व्हायला तीन दिवस लागतात, आणि नेमक्या चौथ्या दिवशी पत्रक तुम्हाला दुसऱ्या वाहनावर बसवते. शिवाय दर वेळी सामान, माणसे आणि गाड्या यांची नव्याने जुळवाजुळव करण्यात अर्धा दिवस जातो.

एक सोय मात्र अपूर्व वाटली. तिथे कुरणांना कुंपण नसते. १९९२च्या राज्यघटनेनुसार कुरणाची जमीन खाजगी मालकीची होऊ शकत नाही, त्यामुळे संध्याकाळ झाली की मन मानेल तिथे तंबू ठोकता येतो.

---

उंबरठा

चाकोरी, आपल्या शेवटच्या वाक्याला थोडी मुरड घालतो. जमीन कोणाच्या मालकीची नाही, याचा अर्थ तिच्यावर कोणाचा हक्क नाही, असा होत नाही. प्रत्येक कुटुंबाची हिवाळ्याची, वसंताची, उन्हाळ्याची आणि शरदाची जागा परंपरेने ठरलेली असते. डोंगराच्या आडोशाला लाकडी किंवा दगडी गोठे आणि वाळलेल्या शेणाचा जाड थर दिसला, की ती कोणाची तरी हिवाळ्याची जागा आहे हे ओळखावे. उन्हाळ्यात ती ओसाड आणि तंबूसाठी आदर्श वाटते, पण तिथले गवत थंडीसाठी राखलेले असते. तिथे तळ टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या कणगीवर झोपण्यासारखे आहे.

गेरमध्ये जाण्याच्या रीतीही सांगून ठेवतो. दार दक्षिणेला असते आणि त्यावर टकटक करत नाहीत. बऱ्याच अंतरावरून ‘नोखोइ खोर’ अशी हाक द्यायची. तिचा शब्दशः अर्थ ‘कुत्रा आवरा’ असा आहे आणि कुत्रा नसला तरी ती देतात. उंबरठ्यावर पाय ठेवू नये. आत गेल्यावर पाहुण्यांनी डावीकडे, म्हणजे पश्चिमेला जावे. दारासमोरची उत्तरेकडची जागा मानाची असते, तिथे बोलावल्याशिवाय बसू नये. मधल्या दोन खांबांमधून ये-जा करू नये आणि चुलीत कचरा टाकू नये. वाडगा उजव्या हाताने घ्यावा आणि डावा हात उजव्या कोपराखाली धरावा. चुकलात तर कोणी रागावत नाही, पण बरोबर केलेत तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या चेहऱ्यात फरक पडतो.

---

रोखठोक

सगळे फार सुंदर चालले आहे, पण मला एक प्रश्न पडतो. ज्यांचे जगणे हवामानाच्या एका फटक्यात उद्ध्वस्त होते, त्यांच्या दारात आपण हौस म्हणून घोड्यावरून जायचे आणि त्यांच्या वाट्याला फोटोतले हसू यावे, हे योग्य आहे का? २००९-१० च्या झुदमध्ये, म्हणजे जनावरांचा बळी घेणाऱ्या कडक हिवाळ्यात, ८० लाखांहून अधिक जनावरे मेली. २०२३-२४ मध्ये पुन्हा ७० लाखांहून अधिक. कंपनीने आपल्याकडून डॉलरमध्ये घेतलेल्या रकमेतून त्या घोडेवाल्याच्या हाती किती पडले, हे कोणी विचारले का?

---

माळरान

प्रश्न रास्त आहे आणि आम्ही तो विचारला होता, फक्त फार उशिरा, म्हणजे शेवटच्या संध्याकाळी. यजमानांचे उत्तर असे होते की घोड्यामागे आणि वाटाड्यामागे दिवसाचा ठरलेला दर मिळतो, तो वेळेवर मिळतो, आणि त्यातून हिवाळ्यासाठी गवताच्या पेंढ्या विकत घेता येतात. कंपनी आमच्याकडून काय घेते, हे त्यांना माहीत होते. त्यावर ते काही बोलले नाहीत आणि आम्हालाही पुढे विचारवले नाही.

झुदविषयी थोडे लिहितो, कारण ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांना वाटेल की ते केवळ हिमवादळ असते. उन्हाळ्यात पाऊस कमी झाला की गवत खुरटते आणि जनावरे अंगावर चरबी न चढताच हिवाळ्यात जातात. मग बर्फ खोल साचला, किंवा वितळून पुन्हा गोठल्याने त्यावर कडक पापुद्रा आला, की खुराने उकरूनही गवत हाती लागत नाही आणि उपाशी जनावर थंडीने उभ्या उभ्या मरते. त्यात भर काश्मिरी लोकरीची. १९९०नंतर सरकारी सामुदायिक व्यवस्था मोडली, रोख पैसा शेळीच्या लोकरीतूनच येऊ लागला आणि कळपांतल्या शेळ्या वाढल्या. शेळी गवत मुळापर्यंत खाते, हे त्या लोकांना आपल्यापेक्षा चांगले माहीत आहे. पण मुलाच्या शाळेच्या वसतिगृहाचा खर्च मेंढीच्या लोकरीतून निघत नाही, असे यजमानीणबाईंनी सांगितले. यावर आपल्या जाण्या-न जाण्याने काय फरक पडतो, हे मी ठामपणे सांगू शकत नाही. एवढे मात्र करता येते की बुकिंग करतानाच कुटुंबाला मिळणारा दर लेखी विचारावा, आणि टाळाटाळ झाली तर दुसरी कंपनी पाहावी.

---

उत्तरवारा

रोखठोक यांच्या प्रश्नाला जोडूनच सांगतो. पश्चिमेकडे, बायान-उल्गी प्रांतात, मी आठ दिवस पायी गेलो होतो. तिथले पशुपालक बहुसंख्येने कझाक आहेत. त्यांचे तंबू मंगोल गेरपेक्षा उंच असतात आणि आतल्या भिंती भरतकामाच्या कापडांनी झाकलेल्या असतात. अल्ताइ तावान बोग्द उद्यानातील ४,३७४ मीटर उंचीचे खुइतेन हे देशातील सर्वोच्च शिखर आहे आणि त्याच्या पायथ्याची पोतानिन हिमनदी सुमारे चौदा किलोमीटर लांबीची आहे. सीमाभागाची वेगळी परवानगी आधीच काढावी लागते. आमचे सामान उंटांवरून गेले. दर दुसऱ्या दिवशी उंटवाला बदलायचा, कारण प्रत्येक खोऱ्यातील काम त्या खोऱ्यातील कुटुंबाला द्यायचे, असे त्यांनी आपसांत ठरवले होते. आमच्या दृष्टीने ती गैरसोय होती. त्यांच्या दृष्टीने तीच न्याय्य वाटणी होती.

---

दुडकी

सर्वांचे लेखन वाचून माझा निश्चय जवळपास झाला आहे : फक्त घोडा आणि पायी, बारा दिवस, ओरखोन खोरे आणि नाइमन नूर. वैद्यकीय तयारी आणि पैसे यांविषयी कोणी थोडक्यात सांगेल का? नादामचा उत्सव ११ ते १३ जुलै असतो, तेव्हा जावे की सप्टेंबरच्या सुरुवातीला? सप्टेंबरमध्ये गेले तर ती कुटुंबे उन्हाळ्याच्या जागी भेटतील का?

---

उंबरठा

रेबीजची प्रतिबंधक लस आधी घेऊन जा, कारण राखणीचे कुत्रे सर्वत्र असतात आणि दवाखाना दिवसभराच्या अंतरावर असू शकतो. जिवंत वा मेलेल्या मार्मोटला (बिळात राहणाऱ्या मोठ्या खारीसारख्या प्राण्याला) हात लावू नका, त्यांच्यात प्लेगचे जंतू असू शकतात. विम्यात घोडेस्वारी आणि हवाई मार्गाने हलवणे या दोन्ही गोष्टी स्पष्ट शब्दांत आहेत का, ते तपासा. पैसे प्रांताच्या ठिकाणीच काढून घ्या. सर्वांत मोठी नोट वीस हजार तुगरीगची, म्हणजे सहा डॉलरांच्या आसपासची असल्याने चळत बरीच जाड होते, हे खिशाच्या हिशेबात धरा.

---

माळरान

नादामच्या दिवसांत कुस्ती, तिरंदाजी आणि घोड्यांच्या शर्यती पाहायला मिळतात, पण घोडे आणि माणसे दोन्ही तिकडेच गुंतलेली असतात, तेव्हा तुमच्या बेतासाठी सप्टेंबर बरा. रात्री पाणी गोठेल, डोंगरात बर्फही पडू शकेल, त्यामुळे झोपण्याची पिशवी चांगल्या प्रतीची न्या. मात्र डास नसतात आणि लार्चची झाडे पिवळी झालेली असतात.

कुटुंबे उन्हाळ्याच्या जागी असतील की शरदाच्या, हे त्या वर्षीच्या गवतावर ठरते आणि कंपनीलाही ते जेमतेम आठवडाभर आधी कळते. आम्ही निघताना यजमानांना तेच विचारले होते. त्यांनी हात वर करून ईशान्येकडच्या डोंगराची एक सोंड दाखवली आणि मग तळहात उलटा करून तिच्या पलीकडे वळवला. पत्ता म्हणून माझ्याकडे तेवढेच आहे. तुमचे जाणे नक्की झाले तर व्यक्तिगत निरोपातून त्या डोंगराचा फोटो पाठवतो.